नाईक भापकर आणि चौथा रकाना

"तुझी आई आंधळी कधी झाली?" हवालदार क्लार्क शांतवनने चष्म्यावरून बघत विचारलं, आणि नाईक गहिनीनाथ भापकर ऑफिसच्या दारातच थबकला.

"कोनाची आई?"

"तुझी. भागूबाई भापकर, वय पासष्ट, दोन्ही डोळ्यांनी अधू, काठीशिवाय पाऊल टाकता येत नाही."

"आवं, मागल्या म्हैन्यात तिनं कोंबडीच्या पायातला काटा काढला," गहिनीनाथ म्हणाला. "टाचनीनं. चष्म्याबिगर."

"आणि बायको? मनकर्णा. सतत आजारी, अंथरुणाला खिळलेली."

"ती पाझर तलावाच्या कामावर टोपल्या वाहती."

शांतवनने हातातला कागद खाली ठेवला. नगरच्या छावणीत या मोटार तुकडीच्या ऑफिसात त्याने अकरा वर्षं काढली होती. कुठला कागद माणसाला तारतो आणि कुठला बुडवतो, हे त्याला नुसत्या वासावरून कळत असे. हा कागद बुडवणारा होता.

गोष्ट अशी होती. गहिनीनाथच्या नोकरीला तेरा वर्षं पूर्ण झाली होती आणि त्याची मुदत जूनअखेर संपत होती. त्याला आणखी दोन वर्षं हवी होती. पंधरा भरली तर पेन्शन, तेरावर सुटला तर हातात एक ट्रंक आणि रामराम. मुदतवाढ द्यायची की नाही हे ठरवणार होते तुकडीचे कर्नल साहेब. पूर्वीचे साहेब तीन गोष्टी बघत. डॉक्टर काय म्हणतो, वर्तनाच्या कागदावर लाल शाई किती, आणि गाडी कशी चालवतो. या तिन्ही रकान्यांत गहिनीनाथ धुतल्या तांदळासारखा होता. पण सहा महिन्यांपूर्वी आलेल्या नव्या कर्नल साहेबांनी फॉर्मवर स्वतःच्या हाताने चौथा रकाना आखला होता: घरी गरज.

"ज्याचं मन घरात अडकलंय, त्याच्या हातात मी ट्रक देणार नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं होतं. साहेब धारवाडकडचे, मराठी चांगली बोलत, पण प्रत्येक वाक्य हुकमासारखं. ते नुसते बोलत नसत, खात्री करून घेत. ज्याच्या मुदतवाढीचा अर्ज येई त्याच्या गावी ते एका निवृत्त सुभेदारांना साध्या कपड्यांत पाठवत. सुभेदार जाऊन घर बघत, माणसं बघत आणि लिहून आणत. गहिनीनाथच्या घराबद्दल त्यांनी दीड पान लिहून आणलं होतं, आणि ते वाचून एखाद्या दगडालाही पाझर फुटला असता.

"साहेबांनी इथं लाल पेन्सिलीनं रेघ मारलीय," शांतवन म्हणाला. "'घरी गरज: अत्यंत.' अजून सही केलेली नाही. सोमवारी करतील."

गहिनीनाथला पेन्शनची काळजी तर होतीच, पण खरी भीती वेगळी होती आणि ती त्याने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती. तेरा वर्षांत तो एकच गोष्ट शिकला होता: पाचला उठायचं, गाडी पुसायची, सांगतील तिथे न्यायची. गावी रजेवर गेला की चौथ्या दिवसापासून आपल्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नसे. आता तर सगळीकडे दुष्काळ. रानात ढेकूळसुद्धा तापून फुटत होतं. तिथे हा दोन फितींचा नाईक जाऊन करणार काय होता?

"साहेबांना भेटतो," तो म्हणाला. "समदं खोटं हाय म्हनून सांगतो."

कर्नल साहेबांनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सुभेदार खोटं लिहीत नाहीत."

"न्हाई साब."

"तूही खोटं बोलत नाहीस."

"न्हाई साब."

"मग कुणीतरी बोलतंय. शनिवारी पुन्हा चौकशी होईल. आणि तुला आजपासून चार दिवस रजा. आईला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून आण."

"साब, आईचे डोळे..."

"चार दिवस. आणि घरी कुणाला काही पढवून ठेवू नकोस."

बाहेर आल्यावर शांतवनने कपाळाला हात लावला. "अरे, आईच्या डोळ्यांसाठी रजा घेऊन आलास? म्हणजे डोळे अधू आहेत हे तू सही करून कबूल केलंस." पण दिलेली रजा नको म्हणायची सोय सैन्यात नाही. गहिनीनाथने ट्रंक बांधली, गाड्या मागे घेताना वाजवायची सरकारी शिटी सवयीने खिशात टाकली आणि श्रीगोंद्याची एसटी धरली.

घरी पोचला तेव्हा भागूबाई दारात बसून सुईत दोरा ओवत होती. लांबूनच तिने ओळखलं.

"गहिनी, तुज्या सदऱ्याचं दुसरं बटन तुटलंय बग," ती म्हणाली.

गहिनीनाथने ट्रंक खाली टाकली. "आये, मागल्या आठवड्यात कोन आलं हुतं घरी?"

म्हातारीचा चेहरा उजळला. "आलं हुतं की एक सायेब. पिसवी, कागद, पेन. लई भला मानूस. मी जे सांगन ते लिवून घेतलं."

"काय सांगितलंस तू?"

"जे सांगायचं असतं ते." भागूबाईने सुई पदराला टोचली. "आता कागद घिऊन कोन येतंय रं गावात? सुकडीवाला येतोय, न्हाईतर मिलो वाटनारा येतोय. तो इचारायला लागला, घरात कोन कोन हाय, कसं चाललंय. मी म्हनलं, काय सांगू बाबा, डोळ्यांनी दिसत न्हाई. लंकाबाईची काठी आनली हुती मागून."

"आनि मनकर्णा आजारी?"

"ती कामाला गेल्ती. पन घरात का न्हाई म्हनल्यावर काईतरी सांगाया नगं? म्हनलं, आत निजलीय, उठवू नका. लेक मिल्ट्रीत, त्यो काय ध्यान देतोय आमच्याकडं, म्हनलं. मग त्येच्या डोळ्यात पानी आलं." भागूबाई समाधानाने म्हणाली, "अजून सुकडी काय आली न्हाई पन."

त्या वर्षी सुकडीचा सरकारी खाऊ आणि मिलो ही परदेशातून आलेली लाल ज्वारी दुष्काळी मदत म्हणून वाटली जात होती, त्यामुळे गावात कागदवाल्या माणसाला कुणी 'तुम्ही कोण' असं विचारत नव्हतं. विचारलं आणि तो रागावून पुढच्या घरी गेला तर काय घ्या. आधी रडून घ्यायचं, मग तो कुठल्या खात्याचा ते सावकाश कळायचं. भागूबाईने गावाच्या रीतीला सोडून काहीच केलं नव्हतं.

गहिनीनाथने सगळं समजावून सांगितलं. आपली नोकरी जाते आहे हे कळल्यावर म्हातारीने तोंडात पदर धरला. तेवढ्यात मनकर्णा आणि दोन्ही पोरी कामावरून आल्या. मनकर्णाने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग आता?"

"आता शनिवारी त्यो परत येनार. त्येला दिसलं पायजे की आपल्या घरी कशाची गरज न्हाई. माजी तर बिलकुल न्हाई."

"बरं," मनकर्णा म्हणाली आणि चूल पेटवायला गेली.

साहेबांनी पढवू नकोस म्हणून बजावलं होतं, ते गहिनीनाथच्या चांगलं लक्षात होतं. पण घर नीटनेटकं करू नकोस असं काही ते म्हणाले नव्हते. बायको चांगल्या लुगड्यात दिसू नये, दारात बैल दिसू नयेत असंही कुठे म्हणाले होते? अशी स्वतःची समजूत काढून तो गुरुवारी पहाटे पाचला उठला आणि घरात उभं राहून त्याने शिटी वाजवली. कोंबड्या उडाल्या, पोरी दचकून उठून बसल्या, भागूबाईने देवाचं नाव घेतलं.

मग काम सुरू झालं. वाकळा चौकोनी घड्या घालून भिंतीशी एकावर एक लागल्या. शेजारच्या लंकाबाईकडून पितळेची भांडी आली, ती उंचीप्रमाणे उभी राहिली. सरपंच काकासाहेबांकडून खुर्ची आणि रेडिओ आला. रेडिओत सेल नव्हते, पण तो दिसायला चांगला होता. सहा रिकामी पोती मिळाली, ती ओढ्यातल्या वाळूने भरली आणि वर प्रत्येकात ओंजळ ओंजळ ज्वारी पसरली. ही ज्वारी म्हणजे घरातलं शेवटचं पायलीभर धान्य होतं. मनकर्णाने ते मुकाट्याने काढून दिलं आणि आपण मिलोची लाल भाकरी थापत बसली.

बैलांची अडचण होती. स्वतःची जोडी गेल्या पावसाळ्याआधीच विकावी लागली होती. शेजारच्या बन्सीची जोडी गुरांच्या छावणीत होती. गहिनीनाथने त्याला हातापाया पडून शनिवारी सकाळपुरती ती आणायला राजी केलं.

"दुपारच्याला तिथं जनावरांची हजेरी असती," बन्सीने बजावलं. "बैल दिसला न्हाई तर चारा बंद. बारापातुर सोडनार मी."

"बारापातुर लई झालं."

बैलांची सोय झाली, पण त्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा होत्या. तेव्हा गहिनीनाथने पोळ्याच्या झुली शोधून काढल्या आणि ऐन वैशाखात बैलांच्या अंगावर चढवायला झटकून ठेवल्या. एवढं करूनही त्याचं समाधान होईना. सैन्यात जी वस्तू हलत नाही तिला गेरू आणि चुना लागतो. त्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना दगड मांडले, एक तांबडा, एक पांढरा, आणि ते सुतळी धरून सरळ केले. दारचं लिंबाचं झाड कमरेपर्यंत रंगवलं. उखळही तांबडं झालं. शेळी रांग सोडून बसत होती म्हणून तिचा खुंटा तीनदा हलवला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने सगळ्यांना रांगेत उभं करून शेवटची तपासणी केली. पोरींची नखं बघितली. "आये, तुला काय इचारलं तर?"

"लख्ख दिसतंय."

"मनकर्णा, तू?"

"मी ठनठनीत हाय."

"हसून सांगायचं."

मनकर्णाने त्याच्याकडे बघितलं. हसली मात्र नाही.

शनिवारी सकाळी झुली पांघरलेले बैल दारात उभे राहिले, आणि साडेअकराच्या सुमारास गावाच्या वाटेवर धुरळा उडाला. जीप आली. आतून पांढऱ्या शर्टातले एक साहेब उतरले, बगलेत जाड वही. गहिनीनाथने टाच आपटून असा सॅल्यूट ठोकला की ते साहेब एक पाऊल मागे सरकले. सुभेदारांऐवजी दुसरं कुणी आलं होतं, पण साहेबाला 'आपण कोण' असं विचारायची सैन्यातही रीत नाही.

"भापकरांचं घर हेच ना?" साहेबांनी वही उघडली. "जरा चौकशी करायची होती. घरची परिस्थिती कशी आहे?"

"उत्तम, साब."

साहेबांनी मान वर केली. गेल्या तीन महिन्यांत हा शब्द त्यांना कुणी ऐकवला नव्हता. "उत्तम?"

"कशाची कमी न्हाई. ह्ये बैल. ही सा पोती. आत भांडी बगा. रेडिओ हाय. मी न्हाई आलो तरी दोन वर्सं घर आरामात चालंल."

साहेब लिहीत गेले. गहिनीनाथला प्रत्येक शब्दागणिक छातीवरचं ओझं हलकं होत असल्यासारखं वाटत होतं. "आणि आजींची तब्येत?" साहेबांनी विचारलं.

भागूबाई याच प्रश्नाची वाट बघत होती. "त्या देवळाच्या झेंड्याला खालच्या अंगाला भोक पडलंय," ती म्हणाली. "पाटलाच्या माळावर तिघी बाया चालल्यात. मधलीनं ठिगळाचं लुगडं नेसलंय." मग तिने जागच्या जागी दोन उड्या मारून दाखवल्या. या उड्या गहिनीनाथने शिकवलेल्या नव्हत्या.

"वा," साहेब म्हणाले आणि वहीत एक आडवी रेघ मारली. "बरं झालं तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत. नाहीतर लोक आम्हा सर्कल अधिकाऱ्यांपुढे घरातलं लपवतात. आजींचं नाव घरपोच सुकडीच्या यादीत होतं, वृद्ध आणि गरजू म्हणून. ते कमी करतो."

गहिनीनाथचा सॅल्यूटचा हात अजून अर्धवट वर होता, तो तिथेच राहिला. "सर्कल? म्हंजी आपन छावनीतनं न्हाई आला?"

"कुठली छावणी? मी तहसीलमधून आलोय."

भागूबाईला यातलं एकच कळलं, पण ते तिला पुरेसं होतं. तिने एका क्षणात डोळे अर्धे मिटले, कंबर वाकवली आणि हात हवेत चाचपडायला लागली. "गहिनी," ती खोल आवाजात म्हणाली, "कोन आलंय रं? मानूस हाय का म्हस?"

"आये, गप."

"काठी कुठं गेली माजी? दिसत न्हाई रं बाबा, सकाळधरनं अंधारी आलीय."

आणि नेमक्या त्याच वेळी, रंगवलेल्या दगडांच्या दोन रांगांमधून, कर्नल साहेब चालत आले. सुभेदारांचा अहवाल आणि नाईकाचं म्हणणं जुळत नाही म्हणून ते या वेळी स्वतःच आले होते. त्यांची जीप पलीकडे वडाखाली थांबली होती. "पत्ता विचारावा लागला नाही," ते म्हणाले. "गावात उखळ रंगवलेलं एकच घर आहे."

गहिनीनाथने त्यांना सॅल्यूट केला, पण त्यात आधीचा जोर नव्हता. समोर आई चाचपडत होती. एका बाजूला सर्कल, त्यांच्यासमोर गरीब दिसायला हवं. दुसऱ्या बाजूला कर्नल, त्यांच्यासमोर सुखवस्तू. एकाच दारात, एकाच वेळी.

"ह्याच त्या आई?" कर्नल साहेबांनी विचारलं.

"व्हय साब. तिला लख्ख दिसतंय."

"काय बी दिसत न्हाई," भागूबाई म्हणाली.

"आत्ताच त्यांना झेंड्याचं भोक दिसलं," सर्कल म्हणाले.

"ते आठवनीनं सांगितलं," भागूबाई म्हणाली.

तेवढ्यात बन्सी घाईघाईने आला. "गहिनी, बैल सोडतो बाबा. हजेरीची येळ झाली." त्याला दोन साहेब दिसले, पण त्याच्या डोळ्यांपुढे छावणीचा चारा होता. त्याने कासरे सोडले. डाव्या बैलाची झूल घसरली आणि बरगड्या उघड्या पडल्या. त्या बैलाला सकाळपासून पोत्यांवरच्या ज्वारीचा वास छळत होता. सुटल्याबरोबर त्याने पहिल्या पोत्यात तोंड खुपसलं, पोतं आडवं झालं आणि ओढ्यातली वाळू भळाभळा अंगणभर पसरली. पोरी धावल्या आणि वाळूतून ज्वारीचे दाणे वेचायला लागल्या, कारण ते घरातले शेवटचे दाणे होते.

गहिनीनाथला वाटलं, संपलं. तेरा वर्षं या वाळूबरोबर अंगणात सांडली.

कर्नल साहेबांनी सरपंचांची खुर्ची ओढली आणि बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. खिशातून फॉर्म काढला, चार रकान्यांचा. "आईची साक्ष मला धरता येत नाही," ते म्हणाले. "त्या एकदा आंधळ्या, एकदा डोळस. नाईक भापकरची तर नाहीच. आता एकच माणूस राहिलं." आणि ते दाराकडे वळले. तिथे मनकर्णा चौकटीला धरून उभी होती. "बाई, तुम्ही सांगा. खरं सांगा. तुमचा नवरा घरी हवा आहे की पलटणीत?"

मनकर्णाने पदर सावरला. तिने वाळूकडे बघितलं, तांबड्या उखळाकडे बघितलं, आणि शेवटी नवऱ्याकडे.

"खरं सांगू का सायेब," ती म्हणाली, "तुमी ह्यास्नी घिऊन जावा."



"पयल्या दिशी बरं वाटतं," मनकर्णा सांगायला लागली. "मग पाटंचं पाचला शिटी. पोरी लहान हायत, झोपंत उठून रांगंला लागत्यात. वाकळंची घडी चौकोनी न्हाई झाली तर परत. भांडी उंचीनं लावायची. आता मला तवा लागला तर मी आदी चार भांडी उतरू का? शेळीचा खुंटा तीनदा हालवला, ती दूध चोराया लागली. काल पोरींची नखं बगितली, आनि माजी बी बगितली. दिसभर माती उपसनाऱ्या बाईची नखं."

कर्नल साहेब खाली मान घालून ऐकत होते. त्यांच्या मिशा जरा हलल्यासारख्या वाटल्या.

"आनि घर म्हनाल तर ते चाललंय. मी तळ्यावर टोळीची मुकादम हाय. वीस बाया हायत माज्या हाताखाली. कुनाचा खड्डा कमी भरला, कुनाचा जास्ती, मी बगते."

"मुकादम?" गहिनीनाथच्या तोंडून निघून गेलं. "कवापास्नं?"

"तीन म्हैनं झालं," मनकर्णा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तुमी इचारलंच न्हाई." मग पुन्हा साहेबांकडे वळली. "तेरा वर्सं माजं काय अडलं न्हाई. म्होरं दोन वर्सं बी अडनार न्हाई. तितं त्येंचं नीट चालतंय, तितंच असू द्या."

कर्नल साहेबांनी पेन काढलं, गुडघ्यावरच्या टोपीवर फॉर्म ठेवला आणि चौथ्या रकान्यात लिहिलं. "घरी गरज: नाही." मग खाली सही केली. "मुदतवाढ दोन वर्षं. पोत्यात वाळू भरल्याबद्दल आल्यावर आठवडाभर छावणीतले दगड रंगवशील."

"जी साब," गहिनीनाथ म्हणाला. एरवी ही शिक्षा ऐकून तो मनात खूश झाला असता.

सर्कलनीही वही पुन्हा उघडली. "वाळू मीही पाहिली," ते म्हणाले. "आजींचं नाव राहू देतो. डोळ्यांचं मात्र खोडतो. वय पुरेसं आहे." भागूबाईने डोळे उघडले आणि त्यांच्या शर्टाला मागे शाई लागल्याचं त्यांना सांगितलं.

दोन्ही जीप गेल्या. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. लाल पेन्सिलीची रेघ पुसली गेली होती, पेन्शन नक्की झाली होती, सुकडीसुद्धा वाचली होती. गहिनीनाथने भांडी परत केली, खुर्ची परत केली, रेडिओ परत केला. सगळीकडे लोक म्हणत होते, "झालं ना काम? लई बेस झालं." आणि त्याला मात्र आत कुठेतरी खडा टोचत होता. नोकरी मिळाली होती ती आपल्या हुशारीने नाही, तर आपण घरात नको म्हणून. आणि ते गावच्या सर्कलसमोर, बन्सीसमोर, त्याच्या बैलांसमोर ठरलं होतं.

संध्याकाळी मनकर्णा भाकरी थापत होती. तो चुलीपाशी जाऊन बसला.

"असं कसं गं बोललीस?"

"कसं?"

"माजी गरज न्हाई म्हनून."

"तुमीच म्हनला हुता ना, तसं दिसलं पायजे म्हनून."

"म्हंजी ते... दिसायपुरतं हुतं? खरं न्हाई?"

मनकर्णाने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "दोन वर्सांनी या," ती म्हणाली. "मग सांगते." तिच्या आवाजात राग नव्हता, पण हसू होतं की नाही हेही त्याला कळेना. मग त्याने तिच्या नखांकडे बघितलं, या वेळी तपासणीसाठी नाही. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तेरा वर्षांत त्याला ते कुणी शिकवलं नव्हतं. "वीस बाया," तो एवढंच म्हणाला. "लई हायत."

"आयकत न्हाईत," मनकर्णा म्हणाली. "लांबवर पसरल्या की हाका मारून घसा बसतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गहिनीनाथला सवयीने जाग आली. त्याने शिटी वाजवली नाही. तो पडून राहिला आणि घराचे आवाज ऐकत राहिला. पाच मिनिटांनी मनकर्णा आपणहून उठली, पोरी उठल्या, चूल पेटली, आणि सगळं त्याच्याशिवाय व्यवस्थित सुरू झालं. तिघी कामावर निघाल्या आणि तोही ट्रंक घेऊन त्यांच्याबरोबर एसटीच्या फाट्यापर्यंत चालत गेला. तिथे मनकर्णा क्षणभर घुटमळली आणि तिने हात पुढे केला.

सोमवारी छावणीत शांतवन हसत हसत त्याची वाट बघत होता. मंजुरीचा कागद त्याने फायलीत लावलेला होता. "नशीबवान आहेस," तो म्हणाला. "साहेब काल संध्याकाळी मेसमध्ये सगळ्यांना तुझ्या उखळाची गोष्ट सांगत होते. चल, रजेवरून आलास, सामान मोजून देऊ." त्याने यादी उघडली. "पट्टा, एक. पाण्याची बाटली, एक. ताट, एक. शिटी, एक."

"न्हाई."

"काय नाही?"

"शिटी न्हाई."

शांतवनने पेन उचललं आणि काळजीने त्याच्याकडे बघितलं. "अरे, सरकारी शिटी आहे. हरवली म्हणून लिहिलं तर कागदावर लाल शाई लागेल. तेरा वर्षांत पहिल्यांदा. नीट आठव, कुठं ठेवलीस?"

"हरवली न्हाई," गहिनीनाथ ताठ उभा राहून म्हणाला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं. "लिवा तुमी लाल शाईनं. घरी गरज हुती."